माझं लोह खातं कोण?

३ फेब्रुवारी. कंपनीच्या डॉक्टरांनी मला क्रेनवरून उतरवलं. हिमोग्लोबिन साडेनऊ. बारा झाल्याशिवाय केबिनमध्ये चढायचं नाही, फेरतपासणी २ एप्रिलला. बावीस वर्षं चाळीस फुटांवरून माल उचलतोय, एक खोकं पडलेलं नाही. तोवर माझ्या जागी दुसऱ्या पाळीचा टकल्या. टकल्या आणि डॉक्टर एकाच जिमला जातात. मी काय दूधखुळा आहे?

४ फेब्रुवारी, सकाळी ७. लोहाच्या गोळ्या सुरू. बायको म्हणाली, चहाबरोबर घेऊ नका, मागेपुढे दोन तास चहा नको, लोह अंगी लागत नाही. अस्सं! लग्न झाल्यापासून माझ्या चहावर हिचा डोळा आहे. गरम चहात गोळी पटकन विरघळते, साधं शास्त्र आहे. दोन कप घेतले.

९ फेब्रुवारी. पालक, बीट, खजूर जोरात. प्रत्येक जेवणावर एक कप, पचायला. एप्रिलपर्यंत चौदा नक्की.

१५ फेब्रुवारी. जिन्यात धाप. गोळ्याच खोट्या असणार. केमिस्टच्या दुकानातल्या पोऱ्याला तसं विचारलं तर त्यानं आधी मालकाकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं.

१६ फेब्रुवारी. युक्ती सुचली! बायकोचंही रक्त कमी, साडेदहा. माझ्याच बाटलीतली गोळी तिलाही रोज द्यायची. खोट्या असतील तर दोघंही आहोत तिथेच राहू. ती लिंबूपाण्याबरोबर घेते. घेऊ दे बापडी.

१० मार्च. ती जिना चढताना गुणगुणते. मला मुद्दाम ऐकवते.

२ एप्रिल. बायकोचंही रक्त तपासून घेतलं. ती साडेबारा. मी नऊ पॉइंट दोन. बाटली एकच! चांगल्या गोळ्या नेमक्या तिच्याच हाती कशा लागल्या? डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता. मी छताकडे पाहिलं. बायको म्हणाली, "चहाबरोबर. आणि दिवसभरात नऊ कप." घरचा भेदी.

३ एप्रिल. केबिन टकल्याला, कायमची. मला गेटवर ट्रकचे नंबर लिहायचं काम. फार वाईट वाटलं, कुणाला सांगणार नाही. दुपारी टकल्यानं वरून हात केला. उत्तर द्यायला मान वर केली तर चक्कर आली, खुर्ची धरून बसलो. त्याला वाटलं असेल, मी रागावलोय. तसंच वाटू दे.