अबर्डीनची राखण

अबर्डीन, ता. १८ मे २०२५

शिवकन्येच्या दादांस,

सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि. मी इकडे खुशाल. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहिते. आपली लेक शिवकन्या कागदाचा फोटो काढून शेजारच्या सुकन्येच्या मोबाईलवर धाडते. तिच्याकडून मागून घ्या, लाजू नका.

नात गोरीपान आहे, नाक मात्र थेट तुमचं. जावई प्रविण लई गुणी. चहा स्वतः करतात आणि मलाही देतात. चाळीस वर्षांच्या संसारात हे सुख मला परदेशात येऊन मिळालं.

एक नवी पीडा मात्र पाठीमागे लागली आहे. इथं सीगल म्हणून समुद्राचं पांढरं पाखरू असतं, कोंबड्याहून दांडगं आणि आवाजाला थेट आपल्या गल्लीतली छबुबाई. समुद्र सोडून ही पाखरं गावातच राहतात. छपरावर घरटी करतात, कचऱ्याच्या पिशव्या फोडतात, रस्त्यानं जाणाऱ्याच्या हातातलं हिसकून नेतात. त्यात चूक माझी झाली, कुणाला बोलू नका. आल्यावर पहिली भाकरी थापली आणि घरच्या सवयीनं पाखरांचा घास मागच्या भिंतीवर ठेवला. त्या दिवशी एकच आला होता, दुसऱ्या दिवशी भावकी घेऊन आला. आता भाकरी बंद केली तर दाराशी बसून शिव्या घालतात. शेजारणीनं येऊन सांगितलं, की त्यांना खाऊ घालायची इथं मनाई आहे. मी आपली न कळल्यासारखी हसले.

बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घ्यावं, तर अंगणात पाऊल टाकताच डोक्यावर झेप घेतात.

बारसं अजून झालेलं नाही. सरकारी कागदावर नाव घातलं, पण पाळण्यात घालून कानात कुणी सांगितलेलं नाही. का थांबलीस, असं विचारलं तर शिवकन्या विषय बदलते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. तुमचाही व्हिसा तिनं करून घेतला होता. मी आले, तुमचा पासपोर्ट पेटीत पडला आहे.

कळावे. राग थोडा कमी करावा, लोभ आहे तेवढा पुरे.

सत्यभामा

---

लिंबागणेश, ता. २१ मे २०२५

सौ. सत्यभामेस,

रामहरीचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पावलं. पहिली गोष्ट, मायना बदल. मला माझं स्वतःचं नाव आहे.

इकडे सर्व ठीक. म्हैस तुझ्यावाचून पान्हा चोरते. शेवटी तुझं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसलो, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. हे अर्जुनरावानं भिंतीवरून बघितलं आणि सगळ्या पारावर सांगून आला. सख्खा भाऊ असा असतो. आता गावातून जाताना लोक मला वहिनी म्हणतात.

पाखरांचं मला काय सांगतेस? माझी हयात ज्वारी राखण्यात गेली. एक गोफण वळ आणि जावयाच्या हातात दे. तेवढ्यानं भागलं नाही तर बुजगावणं उभं कर. पण ध्यानात ठेव, कापड नवं नको. माणसाच्या अंगावर विटलेलं, घामाचं हवं. कोऱ्या कपड्याला पाखरू भीत न्हाई.

पासपोर्ट पेटीतच बरा आहे. पेरणी तोंडावर आली आहे, मला सवड नाही.

नाक माझं असेल तर पोरीला सर्दी लवकर धरेल. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेव.

प्रकृतीस जप. जास्त काय लिहू.

रामहरी

---

अबर्डीन, ता. २७ मे २०२५

शिवकन्येच्या दादांस,

सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि. ओव्याची पुरचुंडी ठेवली. मायना बदलणार नाही.

गोफणीचं सांगितलं तर प्रविणनी कपाळाला हात लावला. या पाखरांना इथं कायद्याचं संरक्षण आहे. दगड मारला तर पोलीस येतील. जावयाला तुरुंगात धाडायचा तुमचा बेत असेल तर तसं सांगा.

मग बुजगावणं करायला घेतलं. काठी मिळाली, मडक्याऐवजी जुनी बादली मिळाली. कापडाला अडलं. प्रविणचे कपडे सगळे इस्त्रीचे. मी म्हटलं, आता विटका सदरा आणू कुठून? तशी शिवकन्या आत गेली आणि पेटीच्या तळातून तुमचा निळ्या रेघांचा सदरा काढून घेऊन आली. तोच, जो हरवला म्हणून तुम्ही माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. घर सोडताना तिनं नेला होता. बाह्या काठीवर तिनंच चढवल्या, बटणं तिनंच लावली.

तीन दिवस काय दरारा राहिला म्हणता! एक पाखरू फिरकलं नाही. मी बाळाला मांडीवर घेऊन उन्हात बसले. शिवकन्या बुजगावण्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, की ते बघ, आजोबा राखणीला उभे आहेत. मला हसू आलं आणि रडूही आलं.

चौथ्या दिवशी एक सीगल तुमच्या डोक्यावर येऊन बसला. पाचव्या दिवशी खांद्यावर घाण केली. आज प्रविण अंगणात खात उभे होते, तर त्यांच्या हातातली पोळी उचलून तुमच्याच डोक्यावर बसून खाल्ली. बाळ पुन्हा घरात, आम्ही पुन्हा खिडकीत.

सांगा, आता काय करू?

सत्यभामा

---

लिंबागणेश, ता. २९ मे २०२५

चि. शिवकन्येस,

दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. हा मायना तीन वर्षांत लिहिला नव्हता. अक्षर समजून घे.

तुझ्या आईनं सदऱ्याचं लिहिलं. गोठ्यात बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं. तू घरातून रागानं गेलीस असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. रागानं गेलेलं माणूस बापाचा विटका सदरा नेत नाही, एवढं मला कळतं. रडलो. म्हशीशिवाय कुणी पाहिलं नाही.

आता राखणीचं. चूक माझ्याकडून सांगण्यात झाली. बुजगावणं एकटं कधी राखत नाही, बाई. आधी माणसानं तिथं उभं राहून चार दिवस ओरडावं लागतं, हात हलवावे लागतात. मग पाखराला सदऱ्यातला माणूस आठवतो आणि ते भितं. नुसत्या सदऱ्याला कोण विचारतो?

म्हणून पेरणी अर्जुनरावाच्या गळ्यात घातली आहे. म्हैसही त्याच्याकडे दिली आणि सोबत तुझ्या आईचं लुगडंही. आता पारावर काय सांगायचं ते तो सांगेल.

पासपोर्ट पेटीतून काढला. फोटोत मी चोरासारखा दिसतो, तरी सोडतील असं सुकन्या म्हणते. प्रविणरावांना माझा नमस्कार सांग आणि तिकिटाचं बघायला सांग. गोफण आणत नाही. नुसती हाळी देईन, ओरडायला तरी तिथं मनाई नसावी.

पाळणा बांधून ठेवा. नाव तुम्ही ठरवलं तेच, मला फक्त ऐकायला बसायचं आहे.

बुजगावण्याच्या अंगातला सदरा काढून धुऊन ठेव. घालणारा येतोय.

बाकी भेटीत. नातीला माझा मुका.

तुझा,
दादा

ता. क. आईला सांग, मायना बदलू नको म्हणावं.