हत्तीची सोंड आणि धोंडाआत्याचं नाक

नाशिक, रविवार

आदरणीय धोंडाआत्या,

सविनय जय भीम.

"तुझ्या हाताला सरळ रेघ ठाऊकच नाही," असं म्हणत तू माझ्या हातातून कुरडईचा सोऱ्या काढून घेतलास, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तीच मी आता अंध मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवते. गुडघे कसे आहेत? येवल्याला ऊन फार असेल. दुपारी वाळवण घालायला गच्चीवर चढू नकोस. (चढणारच तू.)

सांगायचं ते वाळवणाचंच आहे. आमची मुलं चित्र बोटांनी पाहतात, म्हणून रेघ उंच हवी. आधी मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली, ती सुटून यायची. मग तुझी आठवण आली. (तशी रोजच येते, पण त्या दिवशी कामाला आली.) गव्हाचा चीक शिजवला, सोऱ्यात भरला आणि पुठ्ठ्यांवर हत्ती काढून शाळेच्या गच्चीत वाळवले. काय ठसठशीत रेघ आली म्हणून सांगू! मुलांची बोटं हत्तीच्या पाठीवरून घसरत सोंडेकडे निघाली, आणि मला वाटलं, हे बघायला तू इथे हवी होतीस. तेवढ्यात कुडुम असा आवाज आला. सुरगाण्याच्या संतोषने सोंड खाल्ली होती. "बाई, लय अळणी हाय," म्हणाला. मग कुणी पाय खाल्ले, कुणी शेपूट. मुख्याध्यापक महेश सर वर्ग पाहायला आले तेव्हा प्रत्येक पुठ्ठ्यावर फक्त डोळा शिल्लक होता, तोही बटणाचा होता म्हणून. (मीठ तुझ्याच अंदाजाने घातलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.)

तेव्हापासून आम्ही शाडूच्या मातीवर आलो. या आठवड्यात चेहरा शिकवायचा होता, म्हणून नमुना म्हणून मीच खुर्चीत बसले. मुलं हात धुऊन रांगेने आली आणि माझ्या कपाळावरून, पापण्यांवरून, हनुवटीवरून हात फिरवत गेली. आत्या, इतकं सावकाश मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सृष्टी मात्र नाकापाशी अडली. "बाई, हे एवढं कुणावर गेलं?" मी म्हटलं, माझ्या आत्यावर. "मग मूळ नाकच आणा की! नकलेवरून नक्कल कशाला करायची?" सगळा वर्ग तिच्या बाजूने. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे आणि मुलं त्या नाकासाठी अडून बसली आहेत. मी सांगून टाकलं, माझी आत्या यायची नाही. फुवा, म्हणजे तिचे यजमान, इथल्याच दवाखान्यात गेले, तेव्हापासून तिने नाशिकला पाऊल ठेवलेलं नाही.

बाकी सर्व ठीक. औषधं वेळेवर घे.

तुझी,
अंजू

ता. क. निघताना सृष्टीने विचारलं, "आत्याचा गाल हाताला कसा लागतो?" मला सांगता येईना. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. वेणी घालताना तुझा हात माझ्या डोक्याला लागायचा, पण माझा हात तुझ्या चेहऱ्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

आणखी एक. अळणीपणाचं खापर मी माझ्यावर घेतलंय, तेव्हा त्यावरून रागावू नकोस. न्यायला मी स्वतः येते. तू फक्त खुर्चीत बसायचंस. मुलं हात धुऊन उभी राहतील, आणि रांगेच्या शेवटी मी असेन. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी, येशील?