रुपाबरोबर आलेलं चाक

धानोरा

प्रिय हेमकांत,

रुपा रविवारी जीपने आली, पोत्यात गुंडाळलेलं चाक मांडीवर घेऊन. तुझी बायको म्हणून तिला चहा दिला. तुझी खुशाली विचारली नाही. नंदुरबारच्या आपल्या दुकानावर आता फक्त तुझं नाव आहे, हे तिनेच सांगितलं. सुरतचा कोणी हौशी माणूस स्वतःच्या आजोबांची विलायती सायकल तुझ्याकडे दुरुस्तीला देऊन गेलाय आणि मागच्या चाकाचं फ्रीव्हील, साखळी बसते ते दातेरी चक्र, काही केल्या निघत नाही, म्हणाली. मग खाली बघत, "ताई, तुम्हीच काढी द्या. कोनले मालूम पडाले नको."

पोतं सोडलं, तर फ्रीव्हीलच्या खाचांजवळ छिन्नीचे ओरखडे. तुझा हात मी ओळखते. दुकानात आलेल्या रेवजीभाऊंच्या सायकलवर असाच घाव घालून तू चाकाच्या मधला हब फोडलास आणि ते आल्यावर माझ्याकडे बोट दाखवलंस. "बाईना हातमा हत्यार दिधं का असंच व्हस," म्हणालास. आबांनी माझ्या हातातला पान्हा काढून घेतला, तो कायमचाच. रेवजीभाऊंनी गावभर सांगितलं. आबांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपत बसायचे, तू उशाशी. तेव्हाही तुझ्या तोंडून खरं निघालं नाही. आबा तेच मनात धरून गेले.

चाक मी उघडलं. फ्रीव्हीलच्या पेचाच्या आट्यांत तेल मुरू दिलं. दोन खाचांत नेमकी बसणारी चावी मी शहाद्याला लेथवर करून घेतलीय, ती बसवली. निसटू नये म्हणून वरून ॲक्सलचा नट हलका आवळला, चावी व्हाइसच्या जबड्यात पकडली आणि चाकच दोन्ही हातांनी डावीकडे फिरवलं. एकदा कट् वाजलं, मग नट सैल करून बोटांनी सोडवलं. रेवजीभाऊ समोरच्या ओट्यावर बसून बघत होते. चाक कोणाचं, ते मी सांगितलं नाही.

आज रुपा चाक न्यायला आलीय, म्हणून हे लिहितेय. फ्रीव्हील मी परत चढवलं आहे. आटे कोरडे पुसले, ग्रीसचं बोटसुद्धा लावलं नाही, आणि होतं नव्हतं ते बळ लावून आवळलं. माझ्या चावीशिवाय ते आता निघायचं नाही, आणि चावी इथेच राहील. बाजाराच्या दिवशी चाक घेऊन स्वतः ये, रेवजीभाऊंसमोर उभा राहा आणि त्यांचा हब कोणी फोडला ते चार माणसांत सांग. तिथल्या तिथे काढून देईन, जेवूही घालीन. यायचं नसेल, तर छिन्नी तुझ्याकडे आहेच. फक्त या वेळी सुरतच्या माणसापुढे कुणाकडे बोट दाखवलंस, तेवढं रुपाबरोबर कळव.

तुझीच थोरली बहीण,
दामिनी