कपाटावरचा पाटा

प्रिय अहो,

कॉन्व्हेंटच्या मदर शिकवायच्या, पत्राची सुरुवात नावाने करावी. पण तुमचं नाव मी कधी घेतलं होतं का, की आज घेऊ? एकच विचारायचं आहे म्हणून लिहायला बसले. दोऱ्या सोडू का?

बश्यांच्या कपाटाच्या दोऱ्या. तुम्ही बांधल्या तशाच आहेत. आपली आना मला कल्याणला न्यायला आली आहे, कायमचं. उद्या भरतीला जावई पडाव घेऊन येतील आणि सगळं सामान खाडीतून जाईल. "आई, कपाट असं बांधलेलंच न्यायचं का?" ती सारखी विचारते. मी भांडी गुंडाळत राहते. फार थकले आहे हो.

कचेरीची नोकरी संपली आणि तुम्हाला सुतारकामाचा नाद लागला. फळ्या जोडल्यावर आवळायला सुताराकडून शिकंजे आणा म्हटलं, तर म्हणालात, "घरात दोरी आहे की." दोरीत काठी घालून पीळ दिलात. वर वजन हवं म्हणून माझा वाटणाचा पाटा चढवलात. फळ्या चिकटवायचा सरस वितळवायला तर दुधाचंच पातेलं घेतलंत. काय तो वास! चहालासुद्धा येत राहिला.

"मी सांगेन तेव्हाच सोडायचं," तुम्ही बजावलंत. "तोवर कुणी हात लावायचा नाही." त्याच संध्याकाळी तुम्हाला ताप भरला, आणि मग सांगायला तुम्ही राहिलाच नाहीत. असं अर्धवट सांगून कुणी जातं का?

तेव्हापासून मी वाटण वाटायला शेजारी काशीबाईंकडे जाते. परवा म्हणाल्या, "मारियाबाय, नवरा गेला तो गेला, पाटापण घेऊन गेला काय?" मी हसले. पण पाटा उतरवायचा म्हणजे तुमचा हात बाजूला सारायचा, असं मला वाटायचं. ते त्यांना कसं सांगू?

आता दुपार झाली. पत्र तसंच ठेवून मी उठले होते. तुमच्याकडून काही उत्तर येणार नव्हतं. आना बाजारात गेली तेव्हा काशीबाईंना बोलावलं आणि दोघींनी मिळून पाटा उतरवला. काठी उलटी फिरवून मी पीळ सोडला. डावी बाजू घट्ट बसली होती. उजवी फळी मात्र हळूच कलली. तिथे सरस कमी पडला होता. घाई केलीत ना, नेहमीसारखी?

"आता काय करायचं, बाय?" काशीबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. तेवढ्यात वरच्या फळीकडे लक्ष गेलं. पाट्याखाली हळदीचा पिवळा डाग उमटला होता. पाटा न धुताच ठेवला होतात! जन्मभर सांगितलं तुम्हाला. मला हसूच आलं, काशीबाईंनाही.

आता जुना सरस खरवडून झाला आहे आणि नवा त्याच पातेल्यात वितळतो आहे. आनाला सांगितलं, उद्या पडावात भांडी जाऊ देत. मी आणि कपाट मागून येऊ.

उजव्या बाजूला मी सढळ हाताने सरस लावेन, दोरीला पीळ देईन, पाटा धुऊन वर ठेवेन. हळदीच्या डागावर कुणाला रंधा फिरवू देणार नाही. आणि या वेळी दोऱ्या कधी सोडायच्या, ते मी सांगेन.

तुमची,
मारिया