नऊ पानांचा पूर्वपक्ष

३ फेब्रुवारी १९३४, नाशिक

घसा पार बसला! वैद्य म्हणतात, आठ दिवस मौन. आणि परवा नांदगावकडच्या त्या गावात सभा. सार्वजनिक विहीर महारवाड्याला खुली करायची की नाही, ते तिथेच ठरणार. सावळीराम मास्तर, त्याच वस्तीतला, माझ्यावर विसंबून आहे. बोलता येत नाही, तर लिहून पाठवीन. शास्त्राच्या रीतीने — आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, त्याला स्वतःला सुचणार नाही इतके ठाशीव; मग उत्तरपक्षात त्याचा चक्काचूर!

४ फेब्रुवारी

पूर्वपक्ष नऊ पाने. उत्तरपक्ष पंधरा. हात दुखतो आहे. सभेत माझ्या वतीने शेजारचा चिमाजी वाचणार, आवाज खणखणीत.

६ फेब्रुवारी

सत्यानाश.

चिमाजी सांगत होता. पूर्वपक्ष संपताच टाळ्या! खंडेराव पाटील उठले — "अरे, हे तर आपल्याच बाजूचे निघाले! चला, भाकरी थंड होतील." सभा उठली. उत्तरपक्ष सतरंजीने ऐकला. विहीर बंद.

७ फेब्रुवारी

गाढव लोक! शेकडो वर्षांची रीत, आणि यांना अर्धा तास बसवत नाही!

(संध्याकाळी) नाही. गाढव मी. शास्त्रकारांनी ही रीत घडवली ती पायाशी बसलेल्या शिष्यांसाठी. गुरूचे संपेपर्यंत शिष्य उठत नाही. मी ती उठून जाणाऱ्यांपुढे ठेवली. व्यासपीठावर असतो तर चेहरे पाहून तिसऱ्याच वाक्याला पलटलो असतो. कागदाला डोळे नसतात. आणि विरोधकाला इतकी सुंदर भाषा मीच दिली — फुशारकीपायी!

९ फेब्रुवारी

सावळीराम आला. रागावला असता तर बरे वाटले असते.

"तात्या, आमची म्हातारी सतरंजीच्या भायेर शेवटपर्यंत बसली व्हती. म्हनली, ह्या कागदातले दोघंबी पोटभर पानी पिऊन भांडत्यात."

मी पाटीवर लिहिले — उत्तरपक्ष तुझ्याच बाजूचा होता!

"हाय ना. पर त्यात मी कुठं हाय?"

पाटी पुसली. जाताना भाषणाची वही मागून घेऊन गेला.

१३ फेब्रुवारी

वही परत आली. पुन्हा सभा भरते आहे. उत्तर सावळीरामने स्वतः लिहिले आहे, वाचणारही तोच. वहीत ठेवलेले एकच पान. माथ्यावर रीतसर 'पूर्वपक्ष', खाली तीन वाक्ये; उरलेले पान त्यांचे खंडन. पहिले — 'विहीर खुली करणे गावाच्या औदार्याला शोभेल.'

तिन्ही माझ्या उत्तरपक्षातली आहेत.