राखीव बाटल्या

९ मे
परत शिट्टी मारून बोलावलं मला. म्हणूनच सुपरवायझरचं नाव मी शिट्टी ठेवलंय. कुत्र्यालासुद्धा लोक नावाने हाक मारतात. "ए टोपणवाल्या, तोंडाला काय लावलंस? हा माल विकायचा आहे. तुमच्यासाठी आवारात नळ आहे ना?" दिवसभर झऱ्याच्या पाण्यावर टोपणं बसवायची मी, आणि घसा सुकला की म्युनिसिपालटीचा नळ!

मग मीही माझंच केलं. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या राखीव खोलीत ठेवतात — सरकारी तपासणीला त्याच जातात, उद्या कोणी तक्रार केली तरी त्याच. कालच्या बॅचची एक मी प्यायलो, दुसरी गाडीत ड्रायव्हरदादाला नेऊन दिली. दादा माझ्याच खोलीत राहतो, तोंड बंद ठेवतो. मग दोन्ही रिकाम्या नळावर भरल्या, नवी टोपणं बसवली, जागच्या जागी ठेवल्या. मशीन माझ्याच हाताखाली. कोणाच्या बापाला कळत नाही. उन्हाळा लागल्यापासून हेच चाललंय.

१० मे
आईचा फोन. "झऱ्याचं पाणी पितोस, तब्येत सुधारली असेल रे." हो म्हटलं. शेजारच्या काकूंना सांगत सुटली असणार.

११ मे
पोट. लिहवत नाही.

१३ मे
दादाचंही तेच. खोलीला संडास एक, आम्ही दोघं. बाहेरून दार बडवतोय, "आटप की रे, आत संसार मांडलास का?" हसायला आलं, पण हसायचीही भीती.

दादा दिवसभर रस्त्यावर, त्याचं खाणं वेगळं, माझं वेगळं. दोघांच्या पोटात गेलेली एकच गोष्ट — ती बाटली.

१५ मे
कामावर गेलो तर मेकॅनिक यूव्हीचा दिवा बदलत होता. पाण्यातले जंतू मारतो तो हाच. म्हणाला, "आठ तारखेला दिवसभर बंद होता, मग खटपट करून जुनाच चालवला. साहेबांना सांगितलं होतं मी." शिट्टीने त्याला काय उत्तर दिलं? "माल थांबवला तर वरचे मला थांबवतील."

आठ तारखेचा माल. आमचाच.

दादाला विचारलं, तो माल कुठे टाकलास? म्हणाला, "लहान मुलांच्या हॉस्पिटलात. अख्खी गाडी." अजून निम्मा तिथेच पडून असेल म्हणतो.

मी तीन-चार दिवस लोळलो. मी दगड खाऊन पचवणारा माणूस. तिथे तान्ही पोरं आहेत.

शिट्टीचं टाळकं फोडावंसं वाटलं. त्याऐवजी पाणी तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात फोन केला. नाव सांगितलं नाही. दिवा बंद होता, आठ तारखेचा माल, हॉस्पिटल — एवढंच बोललो. या वेळी शिट्टी मेला!

१७ मे
तपासणीवाली बाई आली. शिट्टी तिला नवा दिवा दाखवतोय, जणू स्वतःच्या घामाने पेटवलाय. बाई म्हणाली, "दिव्याचं राहू द्या. आठ तारखेच्या राखीव बाटल्या काढा."

माझे हातच थांबले. मशीन चालूच, तीन बाटल्या बिनटोपणाच्या पुढे गेल्या.

फोन करताना हे डोक्यातच आलं नव्हतं. डोकं कुठे होतं, सगळा रागच होता. तिने दोन्ही बाटल्या पिशवीत घालून सील केल्या. आत नळाचं पाणी. मी भरलेलं.

गेटापाशी तिला गाठलं. हॉस्पिटलातला माल परत आणणार का? "या नापास झाल्या की लगेच. त्याआधी मला हात लावता येत नाही."

दादा म्हणतो, "बोललास तर चोर ठरशील. आणि माझं नाव घेतलंस तर बघ."
भित्रा साला. मी तरी कोण मोठा शूर? मीही गप्पच बसलो.

२२ मे
पास. दोन्ही पास. पाणी उत्तम म्हणे.

शिट्टीने केबिनमध्ये बोलावलं. शिट्टी न मारता. "बस बाळ." चहा मागवला. ते पाणी पास होणार नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? "बाटल्या तूच बदलल्यास ना? त्या खोलीत तुझ्याशिवाय जातंच कोण." पाठीवर थाप मारली. "शहाणा निघालास. पुढच्या महिन्यापासून कायम करून टाकतो तुला."

त्याला वाटतंय, मी त्याला वाचवलं! आणि वाचवलंच की. पाठ अजून धुवावीशी वाटतेय. चहा मात्र प्यायलो. सगळा.

खोलीवर येताना आईला फोन लावला. कायम होणार हे ऐकून रडायलाच लागली.

२३ मे
सुट्टी न मागता बाईच्या ऑफिसात गेलो. सांगितलं — आठ तारखेच्या बाटल्या मी प्यायलो, तुम्ही तपासलं ते आवारातल्या नळाचं पाणी. दादाचं नाव घेतलं नाही. हॉस्पिटलात तिने माझ्यासमोरच फोन लावला — माल वापरू नका, उचलायला येतोय.

मग फोन ठेवून तिने रजिस्टर उघडलं. म्हणाली, "या उन्हाळ्यात मी तिथून बऱ्याच बॅच पास केल्यात. त्यांतल्या कुठल्या कुठल्या प्यायलास?"

सगळ्या.