उजव्या फळीवरची लेक

ब्रूज, १० नोव्हेंबर १५११
संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस

गोडेलीव हिस योस दे वाले याचे आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तूही असशील. चार वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात कुणाचं काही वाईट झालेलं नाही. उद्याच्या सणाला दोन जाडजूड हंस आणलेत, आणि तुझे भाऊ तंगडीवरून आत्तापासूनच भांडतायत. तिशीला आले, तरी अक्कल आली नाही.

लिहायचं कारण म्हणजे आपलं चित्र. तुमच्या गेंटपर्यंत बातमी पोचली असेलच, न पोचायला काय झालं! चर्चमधल्या आपल्या वेदीवर बसलंय. मधे बाळाला घेतलेली पवित्र माता, दोन्ही बाजूंना उघडमीट होणाऱ्या फळ्या. डाव्या फळीवर मी आणि तुझे भाऊ, उजवीवर बायकामाणसं, सगळे गुडघे टेकून. माझ्या झग्याची फर अशी उतरलीय की जो येतो तो हात लावायला बघतो. शेवटी पाद्रीबुवांना समोर दोरी बांधावी लागली. गावात इतरांचीही चित्रं आहेत म्हणा, पण त्यांचे चेहरे बघ, सगळ्यांची दाढ दुखत असल्यासारखे! आपला चित्रकार आर्नाउट मला म्हणाला, "मालक, जरा नम्र दिसा." मी म्हटलं, "गुडघे टेकलेत, आणखी काय लोळण घेऊ?"

आपला यानही आहे, तीन महिन्यांचा गेला तो. माझ्या पुढ्यात, डोक्यावर लाल क्रूस, गेलेल्यांच्या डोक्यावर काढतात तसा. तुझी आई त्याच्याकडे बघत किती वेळ उभी होती.

तूही आहेस. आईच्या लगेच मागे, लाल मखमलीत. तुला वगळायचं माझ्या मनातही आलं नाही, हे आधी लक्षात घे. दे वालेंची लेक आहेस, कमी कशी करणार?

आता पुढचं लिहितो. लिवेनबरोबर गेलीस तेव्हा मी काय बोललो ते तू विसरली नसशील. एवढ्या मोठ्या कापडव्यापाऱ्याची मुलगी, आणि नवरा कोण केला, तर रंगाऱ्याच्या हाताखालचा कामगार, नखं कायमची निळी! 'आम्हाला तू मेलीस' म्हणालो होतो. चित्राच्या वेळी आर्नाउटनं विचारलं, "ही मुलगी कुठे असते? चेहरा बघायला हवा." मी म्हटलं, "ती नाही. क्रूस काढ."

त्यानं काढला.

सप्टेंबरअखेर फळ्या उघडल्या, लोकांनी तो क्रूस बघितला, आणि तू गेलीस हे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी पाववाली ट्रुदा रडत दारात उभी. "मालक, सोन्यासारखी पोर हो! कशानं गेली?" मी काय सांगणार? "तापानं," म्हणालो. तुझी आई जिन्यात होती, तिनं ऐकलं. संध्याकाळी काळे कपडे घालून जेवायला बसली.

"हे काय नवीन?"

"लेक गेली ना तापानं," म्हणाली, आणि माझ्या ताटलीत सूप ओतलं. त्या दिवसापासून रोज काळंच घालते.

तरी मी हटलो नसतो. तू मला ओळखतेस. पण मृतांच्या दिवशी पाद्रीबुवा वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायला लागले. चौथं नाव, "गोडेलीव, योस दे वालेची कन्या." त्यांचा काय दोष, क्रूस बघूनच यादीत घातलं त्यांनी. सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, "देव तिच्या आत्म्याला शांती देवो." मीही म्हणायला तोंड उघडलं. माझी लेक खरंच गेली असं वाटलं गं. मी उठलो आणि ओरडलो, "जिवंत आहे ती! खोटं बोललो मी!"

कापडव्यापाऱ्यांच्या संघाचा प्रमुख, भर चर्चमध्ये! मागच्या बाकांवरचे हसले. हसू देत. आपल्या वेदीसमोर खोटं बोलणाऱ्याला हसायचं नाही तर काय करायचं?

क्रूस मी स्वतः चाकूनं खरवडला. आर्नाउट बोंबा मारत होता. आता तुझ्या डोक्यावरच्या आभाळात पांढरा चट्टा आहे. तो म्हणतो, बुजवून देतो, पण पोरीला समोर आणून बसवा, चेहरा मी अंदाजानं काढलाय. खरं आहे ते, नाक तुझं नाहीच.

तेव्हा ये. तुला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काळं उतरवणार नाही, असं आई म्हणते. एकटी येऊ नकोस. डाव्या फळीवर, माझ्या पाठीमागे, तुझ्या भावांना जरा सरकवून एकाची जागा करायला सांगितलीय. आर्नाउटनं विचारलं, "जावईबापूंचे हात साहेबी काढू ना, गोरेगोमटे?"

मी म्हटलं, "नखं निळी आहेत त्याची. निळीच काढ."

वाट बघणारा,
तुझा बाबा